शब्दाची मात्रा

वृद्ध माणसाच्या उशाशी औषधांचा एक छोटासा संसार मांडलेला असतो. रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी, कोलेस्टेरॉलची रात्री; प्रत्येकीची वेळ ठरलेली आणि मात्राही ठरलेली. एखादी गोळी चुकून दोनदा दिली गेली तर घरात घबराट होते आणि डॉक्टरांकडे फोन जातो. परंतु त्याच खाटेभोवती दिवसभर आणखी एक गोष्ट दिली जात असते. तिची मात्रा कोणी मोजत नाही, तिची वेळ कोणी पाळत नाही, आणि ती प्रमाणाबाहेर गेली तरी कोणाला त्यात धोका वाटत नाही. ती गोष्ट म्हणजे आपण उच्चारलेला शब्द.

"आता वय झालं, चालायचंच." "पुन्हा सांडलंत?" "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, गप्प बसा." "यांच्यापायी आमचं सगळं अडून राहिलंय." ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा ती थकलेली असतात. रात्री तीनदा उठून चादर बदललेली असते आणि सकाळी कामावर जायचे असते. तरीही ते शब्द ऐकणाऱ्याच्या आत उतरतात आणि तेथे आपले काम करीत राहतात. नाशिकमध्ये सामान्य वैद्यकीय व्यवसाय करताना वृद्धांची आणि त्यांची सेवा करणाऱ्यांची सुखदुःखे मी रोज ऐकते. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे शब्दाविषयी पवित्र शास्त्र काय सांगते, तेही लहानपणापासून कानावर पडत आले. या दोन्हींची सांगड घालून काही सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. वाचक कोणत्याही धर्माचा असो, रुग्णाच्या खाटेजवळ आपण सारे एकच भाषा बोलतो.

उच्चार हीच कृती

ख्रिस्ती परंपरेत शब्द हे विचारांचे केवळ वाहन नाही. शब्द ही स्वतःच एक कृती आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि त्या बोलण्यानेच प्रकाश अस्तित्वात येतो. योहान आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ बेथलेहेमच्या गोठ्यापासून करीत नाही, शब्दापासून करतो; आणि त्याच शब्दाने देह धारण करून माणसांत वस्ती केली, असे सांगतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथात तर जणू आरोग्याचीच परिभाषा आढळते. अविचारी बोलण्याची तुलना तेथे तलवारीच्या घावाशी केली आहे, आणि मृदू बोलण्याला मधाची उपमा देऊन त्याचा गुण हाडांपर्यंत पोचतो असे म्हटले आहे.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात जिभेवर एक संपूर्ण प्रकरणच आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम, मोठ्या गलबताचे छोटे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे तीन दृष्टान्त लेखक देतो. तिन्हींत आकार लहान आणि परिणाम प्रचंड आहे. त्यानंतर तो एक अवघड प्रश्न विचारतो. ज्या मुखाने आपण देवाची स्तुती करतो, त्याच मुखाने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप कसा देतो? एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे येईल?

हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण त्याचे उत्तर घराघरांत द्यावे लागते. संध्याकाळी कुटुंब प्रार्थनेला बसते; सूर लागतो, डोळे मिटतात. त्याच दिवशी दुपारी त्याच मुखातून अंथरुणावरच्या सासऱ्यांना काय ऐकावे लागले, हे फक्त भिंतींना आणि त्या सासऱ्यांना ठाऊक असते. दिवा लावून परवचा म्हणणाऱ्या घरांतही वेगळे काही घडत नाही. जिभेला हाड नसते, हे सर्व धर्मांच्या माणसांना सारखेच लागू आहे.

शरीर शब्द ऐकते

वैद्यकशास्त्राने आता या जुन्या जाणिवेला पुष्टी दिली आहे. निष्क्रिय गोळीनेही विश्वासाच्या बळावर बरे वाटते, हे अनेकांना ठाऊक असते. त्याची उलट बाजू मात्र कमी परिचित आहे. अपाय होणार अशी अपेक्षा मनात रुजली की निष्क्रिय गोळीनेही त्रास होऊ लागतो. याला 'नोसिबो' परिणाम म्हणतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेल्या साठ व्यक्तींवर लंडनमध्ये एक अभ्यास झाला. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, तर काही महिने काहीच दिले नाही. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास जाणवला, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही जाणवला होता. त्रास खोटा नव्हता. तो खरोखरच जाणवत होता. मात्र त्याचा मोठा भाग गोळीतील औषधाचा नव्हता, गोळी घेण्याशी जोडलेल्या अपेक्षेचा होता. अशी अपेक्षा कोठून येते? पुष्कळदा कोणाच्या तरी बोलण्यातून येते. "ती गोळी घेऊ नका हो, आमच्या काकांचे पाय गेले त्यानं," हे शेजारच्या बाकावरून आलेले वाक्य माझ्या चिठ्ठीपेक्षा अधिक वेगाने लागू पडते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील ओहायो राज्यातला आहे. बेक्का लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या ६६० लोकांची माहिती तपासली. स्वतःच्या वृद्धत्वाकडे आशेने पाहणारे लोक निराशेने पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले, असे त्यांना २००२ मध्ये आढळले. केवळ दृष्टिकोनाने आयुष्य वाढते असा याचा सरळ अर्थ काढू नये. परंतु त्याकडे दुर्लक्षही करू नये. ज्या आजोबांच्या कानावर सकाळ-संध्याकाळ "आता तुमचं काय राहिलंय" हेच पडते, त्यांनी काठी घेऊन अंगणापर्यंत तरी का जावे? ते जात नाहीत. मग पायांतील शक्ती कमी होते, तोल जातो, एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. चिठ्ठीवर मी अस्थिभंग लिहिते. त्याची सुरुवात कदाचित एका वाक्याने झालेली असते.

कठोर शब्दाइतकाच लाडिक शब्दही सांभाळावा लागतो. "आज्जी, आता शहाण्यासारखं मंमं करायचं हं!" असे बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु जिने पस्तीस वर्षे शाळेत शिकवले, तिला बाळाच्या बोलीत बोललेले कसे वाटत असेल? अमेरिकेतील कॅन्सस येथे क्रिस्टीन विल्यम्स यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे संवाद चित्रित करून तपासले. अशा बालिश बोलण्याच्या वेळी वृद्धांचा विरोध स्पष्टपणे वाढतो, असे दिसून आले. तोंड फिरवणे, हात झटकणे, ओरडणे या गोष्टींना आपण 'हट्टीपणा' म्हणतो. स्मृती गेली तरी मानापमानाची जाणीव फार उशिरापर्यंत टिकून राहते.

गर्दीतून बाजूला नेणे

मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात एक प्रसंग आहे. ऐकू न येणाऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या एका माणसाला लोक येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीच्या मध्यभागी बरे करीत नाही. आधी तो त्याला एका बाजूला नेतो. मग त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, आणि त्यानंतरच बोलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी संवाद कसा साधावा, याचा हा वस्तुपाठच आहे. गोंगाट टाळणे, समोर येणे, स्पर्शाने आणि नजरेने कळवणे, आणि मग थोडक्यात बोलणे हा त्याचा क्रम आहे.

वाढत्या वयात कानांची शक्ती बहुधा वरच्या पट्टीकडून कमी होऊ लागते. म्हणजे स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने निसटतात. 'साठ' हा शब्द 'आठ' असा ऐकू येतो. "ऐकू येतं, पण समजत नाही," असे वृद्ध म्हणतात ते शब्दशः खरे असते. अशा वेळी आपण ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. म्हणून टीव्ही बंद करावा, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे समोर बसावे, आधी हाक मारावी, खालच्या पट्टीत सावकाश बोलावे, आणि समजले नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता दुसऱ्या शब्दांत मांडावे. औषधाचा आकडा असेल तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. कानात मळ साठला आहे का आणि श्रवणयंत्राची गरज आहे का, हे तपासून घ्यावे. एवढ्याने निम्मी भांडणे मिटलेली मी पाहिली आहेत.

त्याच शुभवर्तमानात बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. लोक त्याला गप्प करू पाहतात. येशू त्याला जवळ बोलावतो आणि त्याच्यासाठी काय करावे, हे त्यालाच विचारतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे उघडच नव्हते का? तरीही त्याने विचारले, आणि त्याच्या तोंडून उत्तर येईपर्यंत तो थांबला. माझ्या दवाखान्यात मी आजींना विचारते, "कसं वाटतंय?" आणि उत्तर लेकीकडून येते. आजी मान खाली घालून बसतात. अशा वेळी मी लेकीला सांगते, "तुमचं मी नंतर सविस्तर ऐकते. आधी आईंना बोलू द्या." उत्तर सावकाश येते, कधी भरकटते. परंतु अनेकदा खरे दुखणे त्या भरकटण्यातच सापडते.

शब्द ही जादू नव्हे

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. शब्दात सामर्थ्य आहे, या सत्याचा काही ठिकाणी विपरीत अर्थ लावला जातो. आजाराचे नाव उच्चारले तर आजार बळावतो, आणि "मी बरा झालो" असे ठामपणे म्हणत राहिले तर तो जातो, असे काही श्रद्धाळूंना सांगितले जाते. मग मधुमेह असलेले काका "मला साखर नाहीच" असे म्हणतात आणि इन्सुलिन थांबवतात. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे कोणी त्यांच्या मनात भरवलेले असते. इन्सुलिन अचानक थांबले तर काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साठून काही दिवसांत जिवावर बेतते. रक्तदाबाची औषधे परस्पर सोडली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, अपस्माराची सोडली तर झटके परत येतात.

ज्या शास्त्राच्या आधारे हे सांगितले जाते, ते शास्त्र असे सांगत नाही. येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कातडीची तपासणी करून माणूस शुद्ध झाल्याचे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे बरे झाल्याची खातरजमा करून घेण्यास त्याने स्वतःच सांगितले. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारी नाकारण्याऐवजी पौल त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा, त्या काळातील व्यवहारी उपाय सुचवतो. दुखण्याचे नाव घेणे म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे. योग्य नाव मिळाल्यावाचून योग्य उपचार मिळत नाही. विश्वासाचा शब्द औषधाच्या जोडीला यावा. औषधाची जागा त्याने घेऊ नये.

याचीच दुसरी, अधिक बोचरी बाजू म्हणजे रुग्णाला दोष देणे. "तुमचा विश्वास कमी पडला." "काहीतरी पाप असेल." कर्करोगाने खंगलेल्या माणसाला हे ऐकवले जाते, आणि देहाच्या वेदनेवर अपराधाची वेदना लादली जाते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हा येशूने ती दोन्ही उत्तरे नाकारली. ईयोबाची कथाही हेच शिकवते. त्याचे मित्र भेटायला आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून राहिले. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले. आजाऱ्याच्या भेटीला जाताना हे मनात ठेवावे. काय बोलावे हे सुचत नसेल तर खुर्ची ओढून जवळ बसावे. मौनसुद्धा शुश्रूषेचाच भाग आहे.

नाशिकचे एक घर

शब्दांच्या सामर्थ्याचा विचार करताना नाशिककराला टिळक दांपत्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळ जलालपूर येथे झाला आणि १९३६ मध्ये नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने वादविवाद केला नाही. आपुलकीने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत दिली. आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. त्या भेटीने टिळकांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र त्यामुळे पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी ती सोसली आणि पुढे विचारपूर्वक स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. शब्दाने माणूस दुरावतो आणि जोडलाही जातो, हे दोन्ही या घराने अनुभवले.

'स्मृतिचित्रे' वाचताना एका गोष्टीचे मला नेहमी नवल वाटते. टिळकांचा राग शीघ्र होता आणि त्याचे चटके लक्ष्मीबाईंना बसत. तो राग तितक्याच लवकर वितळतही असे. लक्ष्मीबाई हे सारे लिहितात, पण कडवटपणाने नाही. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईने बोलीतली साधी भाषा आणि विनोद यांच्या बळावर दुःखाचे ओझे हलके केले. सोसलेले बोलून दाखवावे, पण ते विष होऊ देऊ नये, ही शिकवण आजच्या सेवाकर्त्यांना फार उपयोगी आहे.

टिळकांनी आणखी एक मोठे काम केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग-ओवीचा आणि भजनाचा मराठी सूर दिला. 'उपासना संगीता'तील त्यांची गीते कित्येक वृद्धांना आजही मुखोद्गत आहेत. याचा वैद्यकीय उपयोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की वाचा जाऊ शकते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये दाखवले. अशा वाचाघातात माणसाला सारे समजत असूनही 'पाणी' हा शब्द सापडत नाही. परंतु वर्षानुवर्षे घोकलेली प्रार्थना, पाढे किंवा गाणे कित्येकदा शाबूत राहते. पक्षाघातानंतर महिनाभर एक शब्दही न बोललेल्या एका आजोबांच्या खाटेजवळ कुटुंबाने भजन सुरू केले, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा थरथरता आवाज त्यात मिसळला. सून पदर डोळ्यांना लावून तशीच गात राहिली. हा चमत्कार नव्हता. सूर आणि पाठांतर यांचे मार्ग मेंदूत काहीसे वेगळे असतात. याच तत्त्वावर बॉस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ च्या सुमारास सुरांच्या साहाय्याने वाचा परत आणण्याची उपचारपद्धती मांडली. म्हणून घरात वाचाघाताचा रुग्ण असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना जरूर दाखवावे. आणि त्यांच्या जोडीला हरिपाठ, भजन, प्रार्थना, जे त्या घराचे असेल ते, रोज त्याच्याजवळ बसून म्हणावे.

देणारा आणि घेणारा

आतापर्यंत सेवा करणाऱ्यांच्या शब्दांविषयी लिहिले. परंतु वृद्धांच्या शब्दालाही वजन असते, किंबहुना अधिक असते. जुन्या करारातील इसहाक म्हातारा झाला होता आणि त्याची दृष्टी गेली होती. थोरल्या एसावाला द्यायचा आशीर्वाद धाकट्या याकोबाने कपटाने मिळवला. सत्य कळल्यावर एसाव आक्रोश करू लागला, पण उच्चारलेला आशीर्वाद इसहाकाला परत घेता आला नाही. एका दिसत नसलेल्या वृद्धाच्या शब्दासाठी दोन धडधाकट मुलगे एकमेकांचे वैरी होतात! वृद्ध वाचकांनी या कथेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. आपल्या हातून आता काही होत नाही, असे आपल्याला वाटते. परंतु "बरं केलंस गं", "दमलीस का? थोडी पड जा", "तुझ्यामुळे निभावलं" हे शब्द देण्यासाठी पायांत बळ लागत नाही. सूनबाईच्या दिवसभराच्या श्रमांना त्याहून मोठे वेतन नाही. मुलीने केलेल्या सेवेत खोट काढून दूरच्या मुलाची स्तुती करणे, ही अनेक घरांतील जखम आहे. ती करणेही आपल्याच हाती असते आणि भरून काढणेही.

आणि सेवा करणाऱ्यांना एवढेच सांगते, की राग येणारच. स्मृतिभ्रंश झालेल्या आईने एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला की कोणाचाही संयम सुटेल. त्या क्षणी आई सुरक्षित आहे याची खात्री करून दुसऱ्या खोलीत जावे, तोंडावर पाणी मारावे, दहा श्वास मोजावेत आणि मग परत यावे. "मघाशी सांगितलं ना!" यापेक्षा प्रश्नाचे लहानसे उत्तर पुन्हा देणे दोघांनाही सोपे पडते. शब्द सुटलाच तर "माझं चुकलं" म्हणण्यास संकोच करू नये. ज्यांना प्रसंग आठवत नाही, त्यांनाही सूर कळतो. रोज राग अनावर होत असेल, झोप उडाली असेल, उमेद वाटत नसेल, तर ते स्वभावाचे दुबळेपण नसून थकव्याचे किंवा नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि भावंडांकडे आठवड्यातून एक दिवस स्पष्ट शब्दांत मागून घ्यावा. मूकपणे कुढत राहून कोणाचीही सेवा नीट होत नाही.

अखेरचा श्रोता

एक वेळ अशी येते की औषधे संपतात आणि शब्दच उरतो. रुग्ण डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही. अशा वेळी खोलीत जमिनीच्या वाटण्या, दवाखान्याचे बिल आणि अंत्यविधीची तयारी यांची चर्चा उघडपणे सुरू होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या अगदी जवळ पोचलेल्या आणि प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूंतही आवाजाला निरोगी माणसांसारखाच विद्युत्प्रतिसाद उमटत होता. त्यांना अर्थ किती कळत होता, हे त्यावरून ठरत नाही. तरीही ते ऐकत आहेत असे धरूनच वागणे शहाणपणाचे आणि माणुसकीचे आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्वतः डॉक्टर होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आफ्रिकेच्या अंतर्भागात, आजच्या झांबियात, तो आजारपणाने मरण पावला. सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा तरुण होता जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजातून सुटका झालेला हा आफ्रिकी मुलगा आपल्या नाशिकच्या शरणपूर येथील मिशन शाळेत शिकला होता. ज्याला कोणी एके काळी विकायला काढले होते, त्याने नाशिकमध्ये शिकलेले शब्द त्या रानात एका डॉक्टरासाठी उच्चारले. आज शरणपूर रोडवरून वाहनांच्या गर्दीत आपण रोज ये-जा करतो. 'शरण' म्हणजे आसरा, हे क्वचितच कोणाच्या मनात येते.

शेवटच्या दिवसांत असलेल्या माणसालाही असाच आसरा हवा असतो. जवळ जावे, हात हातात घ्यावा. त्यांना ज्या नावाने आयुष्यभर हाक मारली त्याच नावाने हाक मारावी आणि आपले नाव सांगावे. त्यांनी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार मानावेत. काही राहून गेले असेल तर क्षमा मागावी, क्षमा द्यावी. मागे राहणाऱ्यांची काळजी घेऊ, असा शब्द द्यावा. हे सारे दोन मिनिटांत होते आणि त्याला चिठ्ठी लागत नाही. शक्य असेल तर ते शेवटच्या दिवसांपर्यंत लांबवू नये. आज संध्याकाळी, त्यांना दिसत असताना आणि उत्तर देता येत असताना, म्हणून टाकावे.